हौसाईवर तीन माणसं

ऐक गो वेदे, फक्त ऐक. मध्ये ‘मग काय झालं’ पण विचारू नको, माझी तार तुटली की मी परत पहिल्यापासून सुरू करते, तुला माहितीये. आणि मनस्वी, तो मोबाईल पालथा ठेव आधी. ठेव. हां.

बंदाच्या वेळचं सांगतेय. तुम्ही दोघी तेव्हा इकडे हॉस्टेलवर होतात, तुम्हाला बंद म्हणजे लेक्चर नाय आणि मेसमध्ये दोन्ही वेळ खिचडी. मी गावाला होते. आमचं गाव नाटे बंदराच्या पुढे, खाडीच्या अगदी तोंडावर, गणपतीत आलायत ना तुम्ही. पण तिथं वेगळ्या कोकण राज्याची समिती किती जोरात आहे ते तुम्हाला नाय माहीत. आणि मी आधीच सांगते, मागणी खोटी आहे असं माझं म्हणणं नाय. हायवेचं काम मी शाळेत होते तेव्हापासून चाललंय. आमच्याकडं एक धड डॉक्टर टिकत नाय. निम्मे बापये मुंबईला. दादा म्हणतो, मुंबईवाल्यांना आपण फक्त आंब्याच्या पेटीवर दिसतो, तेपण मे महिन्यात. माझा दादा, अजिंक्य. समितीत तो पहिल्या दिवसापासून.

तर यावेळी रस्ता तर बंद होताच, हातखंब्याला हायवेवर माणसं चुली मांडून बसलेली, पण समुद्रपण बंद. एकही होडी बाहेर जायची नाय. खाडीवरची तर, म्हणजे माणसं पलीकडं नेणारी होडी, तीपण बंद, मच्छीचा लिलाव बंद. आणि नवीन काय काढलेलं, तर ‘एमएच पुसा’. आपलं राज्य वेगळं ना, मग पाटीवर एमएच कशाला? रत्नागिरीत गाड्यांच्या पाट्या काळ्या केलेल्या बघितल्या असतील तुम्ही. आमच्याकडं होड्या. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंनी हाताएवढ्या अक्षरांत नंबर असतो, त्यात एमएच येतंच. आदल्या संध्याकाळी पोरं डांबराचा डबा घेऊन जेटीवर फिरली. पुसायची होती दोन अक्षरं, पण ते डांबर, तो केवढा ब्रश, अख्खा नंबर गेला. खालचं होडीचं नावपण गेलं. आमच्या होडीचं नाव हौसाई, बाबांच्या आयशीच्या नावावरून. आणि हौसाईला डांबर फासलं कोणी? दादानंच. बाबा बाजूला उभे होते. एवढंच म्हणाले, “अक्षर चांगलं आलेलं रे माझं.”

दादा म्हणाला, “नवीन राज्य झालं की नवीन लिहू, बाबा.”

“तोवर मला ओळखणार कोण, तुझी समिती?”

सगळे हसले. मीपण हसले.

आता मेख बघ. बंद जाहीर झालेला एका दिवसाचा. म्हणून बाबांनी आदल्या दुपारी जाळी मारून ठेवली, म्हणजे पाण्यात पसरून आले, की बंद उठला की पहाटे जाऊन ओढायची. बाकीच्यांनी काढून घेतलेली, पण बाबांचं आपलं, एक दिवसानं काय होतंय? आणि त्या रात्री समितीनं सांगितलं, मागण्या मान्य होईपर्यंत बंद. झालं! जाळी पाण्यात आणि होडी जेटीला. मासळी जाळ्यात कुजते गो, कुर्ल्या, म्हणजे खेकडे येतात, मासळीसकट जाळंपण कातरून टाकतात. दुसऱ्या दिवशी बाबा जेवताना भात चिवडत बसले. आई म्हणाली, “समुद्राकडं बघून जाळी वर येणार हायत काय?” तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ते घरात नव्हते. आई म्हणाली, वरच्या बागेत गेलेत, फवारणीचं बघायला. आमच्या मावशीची बाग आहे ना सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर. मला काय संशय येणार?

आणि मी तर माझ्याच तोऱ्यात होते. गावच्या सुरक्षा दलात मी आहे हे माहितीये तुम्हाला, हसता तुम्ही त्या केशरी जॅकेटला. पोलीस भरतीला उपयोग होईल म्हणून घेतलेलं नाव मी. काम काय, तर किनाऱ्यावर नजर ठेवायची, अनोळखी होडी, अनोळखी माणूस दिसला की चौकीला कळवायचं. एरवी वर्षातून एकदा कवायत होते. पोलीसच नकली अतिरेकी बनून येतात, आपण पकडायचं, मग वडापाव. पण यावेळी खरंच वरून इशारा आलेला. लांब दक्षिणेला कुठंतरी मच्छीमारांना एक होडी दिसलेली, हाक मारली तर उत्तर नाय, वळून निघून गेली. किनाऱ्यावर सगळीकडं लक्ष ठेवा म्हणून सांगितलेलं.

आणि लक्ष ठेवायला होतं कोण? चौकीतले सगळे हातखंब्याला बंदोबस्तावर. जीप तिकडं, जीपमधला वायरलेस तिकडं. चौकीत एकट्या मृणाली मॅडम. कॉन्स्टेबल आहेत, आपल्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठ्या असतील. पोलिसांची गस्तीची बोट जेटीला बांधलेली, कारण तिच्यावरचे खलाशी आपल्याच गावचे, तेपण बंदात. आमच्या दलातली पोरं सगळी समितीत. आणि सगळ्यात मोठं काय माहितीये? एरवी समुद्रात आपल्या पन्नास-साठ होड्या असतात. कुठलीपण परकी होडी आली की तासाभरात जेटीवर बातमी, अमक्या रंगाची होती, तमक्या बाजूला गेली. आता पाणी मोकळं. नुसतं मोकळं. मृणाली मॅडम फोनवर म्हणाल्या, “रुपाली, आज तूच आमचं नौदल.” त्या हसल्या, पण त्यांचा आवाज हसत नव्हता.

म्हणून मी सड्याच्या टोकाला, त्या बुरुजाच्या पडक्या भिंतीजवळ, दुर्बीण घेऊन बसलेली. नऊ-साडेनऊ झाले असतील. खाली सगळा समुद्र, एक ठिपका नाय. इतकी सवय असते ना होड्यांची, की मोकळा समुद्र बघून कसंतरी होतं, जत्रेच्या दिवशी देवळात कोणीच नसल्यासारखं.

आणि मग दिसली.

खडपांच्या आडून. खडपं म्हणजे ते काळे खडक, पलीकडच्या टोकाला, भरतीत बुडतात ते. एक होडी, मशीन बंद केलेलं. मी दुर्बीण लावली, नाळेवर बघितलं, नंबर नाय. नुसता काळा पट्टा. आता तू म्हणशील, डांबर तर सगळ्याच होड्यांना फासलेलं, डोकं नव्हतं काय तुला? अगो, पण त्या सगळ्या होड्या जेटीला होत्या! बाहेर कोणीच जायचं नव्हतं, म्हणजे बाहेर दिसते ती आपली नाय. माझ्या डोक्यात एवढाच हिशोब. आणि दुर्बिणीतून एवढ्या लांबून सगळ्या होड्या सारख्या, नाव नसेल तर.

दोन माणसं वाकून काहीतरी ओढत होती, ती पाठमोरी. आणि एक तिसरा, बाजूला, गुडघ्यावर बसलेला, काठावरून पाण्यावर वाकलेला. परत परत वाकायचा. काहीतरी पाण्यात सोडत असल्यासारखा. त्याच्या पायाशी मोठी काळी पाठीवरची बॅग. आपल्याकडं मासेमारीला कोण बॅग घेऊन जातं सांग मला. मनस्वी, तू तरी नेशील काय?

मी मॅडमना फोन लावला. बिननंबरी होडी, तीन माणसं, काळी बॅग, खडपांजवळ, काहीतरी पाण्यात टाकतायत. मी काय पाठ केल्यासारखं बोलले, स्वतःचंच कौतुक वाटलं मला. त्या म्हणाल्या, “कंट्रोलला कळवते. बाहेर तटरक्षकांचं जहाज आहे, ते जलद बोट सोडतील. तू नजर काढू नको.”

मी विचारलं, “थांबवतील ना?”

“थांबवतील.”

“आणि नाय थांबली तर?”

त्या म्हणाल्या, “इशारा आहे रुपाली. त्यांच्याकडं काय फुलं नसतात.”

फोन ठेवला. परत दुर्बीण. आणि ती दोन माणसं जे ओढत होती ना, ते वर आलं. जाळं. जाळ्याच्या टोकाला बोया असतो, तरंगता, त्याला काठी बांधलेली आणि काठीला फडकं, लांबून आपलं जाळं ओळखायला. प्रत्येकाचं फडकं वेगळं. कोणी जुन्या लुंगीचं लावतं, कोणी प्रचाराच्या बॅनरचं, ते आधीच फाटतं. जे घरात टाकाऊ असेल ते. तर त्या काठीला पिवळं फडकं, आणि फडक्याच्या मधोमध भोक. तिकोनी.

वेदे, ती माझी ओढणी. बारावीच्या सेंडॉफची. तुझ्याच समोर जाळलेली मी इस्त्रीनं, आठवतं? तू म्हणालेलीस, भोक पुढं घे, फॅशन म्हणून खपेल. बाबांनी ती मागून नेली फडक्याला. म्हणाले, “तुझ्या नावाचा झेंडा समुद्रात.”

मी माझ्या बापसाच्या मागं बंदुका लावलेल्या.

बाबांना फोन लावला. वाजला, वाजला, आणि उचलला आईनं. चार्जिंगला लावून गेलेले.

“आई, बाबा कुठंयत?”

“सांगितलं ना बागेत.”

“आई, खरं सांग.”

“हळू बोल गो! सखारामला घेऊन गेलेत पहाटे. जाळी ओढून होडी मागच्या पुळणीवर वाळूत लावणारायत, जेटीवर कोणाला दिसायला नको. तू कोणाला बोलू नको हां. दादाला तर अजिबात नको.”

सखाराम म्हणजे आमचा खलाशी, म्हातारा, बाबांच्या आधीपासून होडीवर.

“आणि तिसरा कोण?”

“तिसरा? दोघंच गेले.”

“आई, तीन हायत.”

“काय बोलतंस? कोण तिसरा?” तिचा आवाजच फिरला.

आता समज माझं. होडी आमची, हे शंभर टक्के. बाबा आणि सखाराम, तेपण शंभर टक्के, आता मला त्यांची पाठपण ओळखू येत होती, बाबा डावा खांदा पाडून ओढतात. पण तो तिसरा? बॅगवाला? कुठून आला? समुद्रात माणूस चढतो कुठून? ती लांब दिसलेली होडी, तिच्यातला उतरला असेल तर? बाबांच्या पाठीत काहीतरी लावून बसला असेल तर? मी बघत होते आणि तो परत पाण्यावर वाकला.

मॅडमना परत फोन केला. रडत होते मी. सांगितलं, आमची होडी आहे, बाबा आहेत, बोटीला सांगा. त्या ओरडल्याच, “आत्ता सांगतेस? बोट निघाली! माझ्याकडं वायरलेस नाय, कंट्रोलचा फोन लागत नाय, हातखंब्याला काहीतरी झालंय, सगळ्या लाईन तिकडं. सोसायटीत सेट आहे ना? तिथून बोला, त्या चॅनलवर ते ऐकतात. पळ!”

सोसायटी म्हणजे मच्छीमार सोसायटीचं ऑफिस, जेटीवर. पळून अर्धा तास. आणि तिथं कोण बसलेलं? समिती. अख्खी. तिथंच त्यांचं बंदाचं ठाणं, त्याच टेबलावर सेट, जेटीवरच्या कर्ण्याला जोडलेला. त्यावर जे बोलेल ते गावात सगळीकडं ऐकू येणार. तुला कळलं ना? बाबांना वाचवायचं म्हणजे आधी अख्ख्या गावाला ओरडून सांगायचं की शिवानं, म्हणजे बाबांनी, बंद मोडला.

मी दादाला फोन केला.

“काय गो, कोण आलं काय चंद्रावरून?” मागं पोरांचा हसण्याचा आवाज.

“दादा, खडपांजवळ होडी आहे. आपली.”

“आपली कुठली?”

“आपली. हौसाई. बाबा आहेत.”

“बाबा बागेत गेलेत.”

“माझी ओढणी बघितली बोयावर. इस्त्रीचं भोक. दादा, मी ओळखायच्या आधी कळवलं चौकीला. तटरक्षकांची बोट येतेय बंदुका घेऊन. नंबर नाय होडीवर. सेटवर बोल, आत्ता!”

मागचं हसणं चालू. मग तो बाहेर आला असणार, कारण वारा ऐकू यायला लागला.

“ठीक आहे,” म्हणाला. “सांगतो. हौसाई, मालक, एक खलाशी, मासेमारी करतायत.”

“तीन माणसं हायत.”

“काय?”

“तिसरा मला माहीत नाय. बॅग आहे त्याच्याकडं.”

“मग दोनच सांगतो.”

“दादा, तीन सांग.”

“खुळी काय तू? अनोळखी माणूस म्हटलं की ते बंदुका रोखूनच येतील!”

“आणि दोन सांगितली आणि तिसरा उठून उभा राह्यला तर? तेव्हा काय करतील? आणि तो खराच कोणी असला तर, दादा? मी ‘आमचाच’ म्हणून सोडून देऊ?”

“बाबा आहेत तिथं, रुपे!”

“म्हणूनच सांग!”

मला माहीत नाय मी बरोबर होते की नाय. तेव्हा पण नव्हतं माहीत. मला एवढंच वाटलं, ज्याच्या हातात बंदूक आहे त्याला खरं आधीच माहीत पाहिजे, दचकायला नको. पण मनात आणखी एक होतं. मी ते जॅकेट घातलेलं. माझा बाप असला म्हणून मी तिसऱ्या माणसाची हमी कशी देऊ?

तेवढ्यात बोट दिसली. करडी, पुढचं तोंड हवेत उचललेलं, पाणी कापत. मी फोनमध्ये नुसती “आली, आली, आली” करत होते.

आणि मग खाली जेटीवरून कर्ण्यातून दादाचा आवाज आला. सड्यापर्यंत आला, वाऱ्यावर तुटत तुटत. “हौसाई. मासेमारीची होडी. मालक शिवा, नाव पुसलेलं आहे, आमच्या समितीनं पुसलेलं आहे.” आणि मग नंबर. पाठ होता त्याला. “आयएनडी, एमएच,” असं एकेक अक्षर, एकेक आकडा, शाळेत पाढे म्हणतात तसा. ज्यानं ते एमएच डांबरानं पुसलेलं, तोच समितीच्या सगळ्या पोरांसमोर ते एमएच दोन-दोनदा सांगत होता. “होडीवर तीन माणसं. दोन आमची. एक अनोळखी. गोळी चालवू नका. परत सांगतो, गोळी चालवू नका, माझा बापूस आहे.”

मग मी पळाले. सड्यावरून मागच्या पुळणीवर जायची जी पायवाट आहे ना, करवंदीतून, ती मी कशी उतरले देवाला माहीत. हे बघ, अजून आहेत ओरखडे.

मी पोचले तेव्हा होडी पुळणीला लागलेली. बाबा, सखाराम आणि तो तिसरा, तिघं ओल्या वाळूत गुडघ्यावर, हात डोक्यावर. चार जवान. कोणी मारलं नाय, ओरडलं नाय, ते मला सांगायलाच हवं. पण बंदुका होत्या. मी “बाबा” म्हणून ओरडले. बाबांनी मान वळवली. आधी माझ्याकडं बघितलं, मग केशरी जॅकेटकडं, मग गळ्यातल्या दुर्बिणीकडं. आणि परत मान समोर केली.

तो तिसरा रडत होता. पोरगाच, दादाच्या वयाचा. अनिल नाव. मुंबईला कुठल्यातरी गोडाऊनला कामाला, गाव आमच्या गावाच्या आत, डोंगराकडं. बहिणीचा साखरपुडा, म्हणून निघालेला. रेल्वेनं उतरला तर एसटी नाय, रिक्षा नाय. कुठं चालत, कुठं कोणाच्या स्कूटरवर, खाडीपर्यंत आला, तिथं तरीची होडीपण बंद. पहाटे पलीकडच्या काठावर उभा राहून हाका मारत होता. बाबा जाताना दिसले. बाबांनी घेतला, म्हणाले, आता मागं वळलो तर जेटीवर दिसेन, बस, जाळी ओढून अलीकडं सोडतो. आणि तो घाटाकडचा पोरगा, जन्मात होडीत बसलेला नाय! पाण्यावर वाकून काय टाकत होता कळलं ना? ओकत होता बिचारा. हस, हस. तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर मीपण हसले असते.

पण बॅग. जवानांनी विचारलं, बॅगेत काय? म्हणाला, कुकर. बहिणीला द्यायला.

कुकर म्हटल्याबरोबर सगळे चार पावलं मागं.

बॅगेला हात लावायला कोणी तयार नाय, आणि बरोबरच आहे त्यांचं. बॉम्ब बघणारं पथक पाहिजे. पथक कुठं? हातखंब्याला. रस्ता अडवलेला, मधल्या रस्त्यावरपण झाडं आडवी टाकलेली. आमच्याच लोकांनी. मृणाली मॅडम धापा टाकत चालत आल्या, त्यांनी सांगितलं, पथकाला आधी रत्नागिरीत आणून मग बोटीनं आणतायत. म्हणजे काय, तर बसायचं. ती बॅग पुळणीच्या मध्ये एकटी, आणि ही तिघं लांब उन्हात. वर सगळं गाव सुरूच्या झाडांत जमलेलं. सखाराम म्हणाला, “साहेब, कुकर हाय तो. शिट्टी झाली की कळंलच.” एक जवान हसला आणि लगेच गप्प झाला. मी पाण्याची बाटली घेऊन गेले. बाबांनी ती सखारामला दिली. माझ्या हातून घेतली, पण माझ्याकडं बघितलं नाय.

ऊन उतरायला लागलं तेव्हा पथक आलं. त्यांच्या कुत्र्यालापण होडी लागलेली, उतरल्या उतरल्या पुळणीवर ओकला. मग त्यांनी काय काय केलं, आणि बॅग उघडली. साडीत गुंडाळलेला पाच लिटरचा कुकर. आणि कुकरात पेढे, ऊन लागून सगळे एक झालेले.

अनिल तो कुकर मांडीवर घेऊन बसला. साखरपुडा सकाळीच झालेला.

त्या पथकातला मोठा साहेब मॅडमना म्हणाला, माझ्या कानांनी ऐकलंय, “सकाळपासून अख्ख्या पट्ट्यात जेवढे म्हणून डोळे होते, ते या कुकरावर होते. बाजूच्या खाडीत आज कोणी हत्ती उतरवला असता, तरी आपल्याला कळलं नसतं.” आणि ती लांब दिसलेली होडी? ती अजून सापडलेली नाय. कोणाची होती, आली की गेली, कोणालाच माहीत नाय. कधीकधी रात्री मला तीच आठवते.

पण माझं ते नाय. माझं पुढचं.

हौसाई सध्या चौकीच्या ताब्यात आहे, बिननंबरी होडी बाहेर काढली म्हणून. आणि इकडं बंद उठल्यावर गावची बैठक बसली. बंद मोडला म्हणून बाबांना यंदा जेटीला जागा नाय, आणि आईच्या मासळीवर लिलावात कोणी बोली लावायची नाय. म्हणजे नंबर समितीनं पुसला, त्याची शिक्षापण बाबांना, आणि बंद मोडला त्याचीपण बाबांनाच. दादा बैठकीत उठून म्हणाला, “डांबर मी फासलं, मला घाला वाळीत.” कोणीतरी मागून ओरडलं, “तू तर एमएचवाला!” आता त्याला तेच नाव पडलंय. घरी येऊन जेवला नाय. समितीत जातो अजून, पण मागं बसतो.

बाबा मला काहीच बोलले नव्हते. आठवडाभर. रागानं नाय गो, रागावले असते तर बरं. परवा मी इकडं यायला निघाले, तर ओट्यावर जाळं शिवत बसलेले. सुई हातात, मान खाली. म्हणाले, “एक विचारू? तीन माणसं सांग, असं तू सांगितलंस की अजिंक्यनं आपल्या मनानं?”

मी म्हटलं, “मी.”

“तेव्हा ओळखलेलंस मला?”

मला खोटं बोलता आलं असतं. लांब होते, धूसर दिसत होतं, काहीपण. मी म्हटलं, “हो. ओळखलेलं.”

त्यांनी दोरा दातानं तोडला. मग बोयाच्या काठीवरचं ते पिवळं फडकं सोडलं, घडी केली, तिकोनी भोक आतल्या बाजूला येईल अशी, आणि माझ्या बॅगेवर ठेवलं. म्हणाले, “हे ने तू. मी दुसरं लावतो.”

हे बघ. हीच ती. अजून मिठाचा वास आहे.

आणि आज सकाळी मृणाली मॅडमचा फोन आला. सोमवारपासून परत बंद आहे, परत सगळे हातखंब्याला जाणार, सड्यावर बसायला कोणी नाय, येशील काय? आई सांगते, बाबा सखारामच्या मेव्हण्याची होडी मागतायत. तिच्यावरपण डांबर आहे. आणि आता फडकं कुठलं लावलंय ते मला माहीत नाय.

मी मॅडमना अजून काय उत्तर दिलं नाय. पण ते सोड, पुढचं मी बघते. तू मला मागचं सांग. खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको. त्या कातळावर तू असतीस, दुर्बिणीत तुझा बाप, बाजूला अनोळखी माणूस, आणि दादा फोनवर विचारतोय दोन सांगू की तीन... वेदे, तू काय केलं असतंस?